गवत उपटणारी मुलगी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



या महिन्याचं चिंतन लिहायची सेवा आमच्याकडे आली तेव्हा नवरात्रावर लिहायचं ठरलं होतं. कुंकुमार्चनाची माहितीही जमवून ठेवली होती. पण मधे आम्ही दोघं मंडल्याला मुलीकडे जाऊन आलो, आणि आल्यावर दुसरं काही लिहिणं म्हणजे चोरी लपवल्यासारखं वाटू लागलं. म्हणून आधी कबुली देतो, मग पुढचं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना आम्ही सांगितलं आहे की आमची धाकटी वन खात्यात अधिकारी आहे. गेली दोन वर्षं सांगतोय. सासरच्या ग्रुपवर सांगितलं, माहेरच्या ग्रुपवर सांगितलं, गुरुपौर्णिमेला प्रसादाच्या रांगेतही सांगितलं. ते खरं नाही. ती एका संस्थेत पर्यावरण पुनर्स्थापनेची टेक्निशियन आहे. बिघडलेलं जंगल, बिघडलेली कुरणं पुन्हा आपल्या मूळ रूपात यावीत म्हणून हाताने करायचं जे काम असतं, ते ती करते. बाहेरून आलेलं तण काढते, गवताचं बी गोळा करते, पेरते, मोजते, वहीत लिहिते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

तिने वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केली तेव्हा वाटलं होतं की इथेच इंदूरला कॉलेजात प्राध्यापिका होईल. नोकरी लागल्यावर तिने पहिला फोटो पाठवला तो चिखलात बसून, शेजारी काट्याकुट्यांचा ढीग. आम्ही हौसेने तो ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत एका मावशींनी विचारलं, "ही काय मजुरी करते का ग?" आम्ही फोटो काढून टाकला आणि खाली लिहिलं, "अधिकारी आहे, पाहणी करत होती." झालं. एक खोटं बोललं की त्याला दुसरं लागतंच.

दुसरी गोष्ट तर आपल्या मंडळातलीच आहे. तीन वर्षांपूर्वी आश्रमामागच्या टेकडीवर आपण सगळ्यांनी मिळून तीनशे रोपं लावली. गुलमोहर होता, सुबाभूळ होती, जे फुकट मिळालं ते लावलं. फोटो सुंदर आले. तेव्हा मुलगी सुट्टीवर आली होती, ती टेकडी बघून म्हणाली, "बाबा, ही टेकडी गवताची आहे. इथे झाडं विरळच असणार. ती काही आजारी नाहीये." आमच्या यांना ते फार लागलं. ते म्हणाले, "आम्ही झाडं लावतो आणि तू उपटतेस. पुण्य कुणाचं ते देव बघेल." त्यानंतर बापलेकींचं बोलणं जेवलीस का, झोपलीस का, एवढ्यापुरतंच राहिलं. आणि रोपांचं म्हणाल तर पुढच्या मे महिन्यात निम्मी वाळली. सुबाभूळ मात्र जगली, आणि आता तिची पिल्लावळ पार खालच्या विहिरीपर्यंत आली आहे.

तर या वेळी पितृपक्ष लागायच्या आधी आम्ही निघालो. रात्रीची गाडी, सकाळी जबलपूर, तिथून बसने मंडला. मंडल्याला मैयाचं दर्शन घेतलं. मुलगी घ्यायला आली होती. तिने घाटावरून बोट दाखवून सांगितलं की बंजर नदी इथे नर्मदेला मिळते, आणि ती कान्हाच्या जंगलातून येते. मग म्हणाली, "आई, आपल्या इंदूरच्या नळाला पाणी कुठलं?" आता हे इंदूरकरांना कोणी सांगायला नको. 1978 पासून जलूदहून पंपाने चढवून आणलेलं नर्मदेचंच पाणी आपण पितो. ती एवढंच म्हणाली, "मग मी घरचंच काम करतेय." कुरणाची मुळं घट्ट असली की पाऊस मुरतो, माती धुपत नाही, आणि ओढे पाऊस सरल्यावरही वाहते राहतात. आम्ही रोज देवापुढे तांब्या भरून ठेवतो, पण ते पाणी कुणाच्या अंगणातून निघालं हे कधी मनात आलं नव्हतं.

तिचं काम कान्हाच्या गाभ्यात नाही, बाहेरच्या गावांच्या जमिनीवर आहे. तरी तिला कान्हाचीच गोष्ट सांगायला आवडते. तिथला बारासिंगा 1970 साली फक्त 66 उरला होता. आज तो हजाराच्या घरात आहे आणि 2015 पासून त्यातले काही सातपुड्यातही नेऊन सोडले आहेत. हे कसं झालं? शिकारीला बंदी, पहारा, सुरक्षित कुंपण हे सगळं होतंच, पण त्याबरोबर गवतही होतं. बारासिंग्याची मादी पिल्लू उंच गवतात लपवते. गवत गेलं तर नुसता पहारा ठेवून काय उपयोग? कान्हातली पुष्कळ कुरणं म्हणजे उठवलेल्या गावांची जुनी शेतं. तिथे गोंड आणि बैगा लोकांनी घरं सोडली आहेत, आणि मुलगी हे सांगितल्याशिवाय बारासिंग्याची गोष्ट कधी संपवत नाही. आम्हाला तिचं हे आवडलं. अशी शेतं नुसती सोडून दिली तर आपोआप चांगलं गवत राहतं असं नाही. झुडपं शिरतात, तण शिरतं. दरवर्षी हात लावावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्हीही गमबूट घालून निघालो. साडीवर गमबूट! पण सापांचं भय असतं, म्हणून ऐकावंच लागलं.

पहिलं काम घाणेरीचं. आपण तिला टणटणी म्हणतो, तिकडे रायमुनिया म्हणतात. लहानपणी आम्ही त्या रंगीत फुलांच्या वेण्या करायचो, तुम्हीही केल्या असतील. ही मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी बागेत शोभेसाठी आणली. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की आपल्या देशात वाघ असलेल्या जंगलांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त क्षेत्रात, म्हणजे दीड लाख चौरस किलोमीटरच्या वर, ती पसरली आहे. तिच्याखाली गवत उगवत नाही. गुरं आणि हरणं ती खात नाहीत. आणि आली होती शोभेसाठी! आपल्या घरात शिरलेल्या किती गोष्टी अशा शोभेच्या वाटेने आल्या, ते ज्याचं त्याने बघावं. आमची "अधिकारी" ही पदवीही शोभेसाठीच आली होती.

आमच्या यांना कोयता मिळाला. मोठ्या उत्साहाने त्यांनी सपासप वरून छाटायला सुरुवात केली. तिथे एक बैगा आजी काम करत होत्या, वय सत्तरच्या पुढे असेल. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "भैया, ऊपर-ऊपर मत काटो, और आएगी." मग मुलीने पद्धत दाखवली. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी कॉर्बेटच्या जंगलात काम करून ही पद्धत रूढ केली. घाणेरी वरून छाटली तर खोडाच्या तळातून दुप्पट फुटवे येतात. जाळली तरी येतात. म्हणून झुडपाच्या बुंध्याशी कुदळीने माती दोन-तीन बोटं उकरायची. खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथे गाठीसारखा जाड भाग असतो, सगळे फुटवे तिथूनच येतात. त्याच्या खाली मूळ तोडायचं. मग सगळं झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे, म्हणजे ते पुन्हा माती धरत नाही.

आजींनी पहिली कुदळ मारण्याआधी जमिनीला हात लावून कपाळाला लावला. जुने बैगा लोक नांगर धरत नसत, धरतीमातेची छाती फाडायची नाही म्हणून. व्हेरियर एल्विन यांनी 1939 च्या आपल्या पुस्तकात हे नोंदवलं आहे. आम्ही भूमिपूजनाला गुरुजी बोलावतो आणि मग वर्षभर त्या भूमीकडे बघतही नाही.

सद्गुरू प्रवचनात नेहमी सांगतात की राग आवरला म्हणजे राग गेला असं समजू नका, तो कुठून फुटतो ते शोधा. इतकी वर्षं ऐकलं, वहीत उतरवून घेतलं, पण त्या दिवशी ती गाठ बोटांना लागली तेव्हा कळलं. आमचे उपवास, चतुर्थीचे संकल्प, "यापुढे कुणाबद्दल वाईट बोलणार नाही" हे सगळं कोयत्याचं काम होतं. वरून छाटायचं, आठ दिवस मोकळं दिसायचं, मग दुप्पट फुटायचं. मुलीवरचा राग हा रागच नव्हता मुळात. खाली उकरलं तेव्हा सापडलं, चारचौघांत आपलं नाव छोटं होईल ही भीती. गाठ ती होती.

आणखी एक गंमत. एका मोठ्या झाडाखाली मुलगी गुडघ्यावर बसून इवली इवली रोपं उपटत होती. म्हटलं, इथे तर गेल्या वर्षीच काढून झालंय ना? ती म्हणाली, "आई, पक्षी घाणेरीची फळं खातात आणि या झाडावर येऊन बसतात. बी इथेच पडतं. दोन-तीन वर्षं तरी अशा झाडांखाली बघावंच लागतं." आम्ही विचार केला, आमच्या घरात असं झाड कुठलं, जिथे रोज नवं बी पडतं? फार शोधावं लागलं नाही. हातातच होतं. कुणाच्या मुलाला केवढं पॅकेज, कुणाच्या सुनेने काय घेतलं. रागावू नका, हे आम्ही आमच्याबद्दल लिहितोय.

एक मात्र सांगायला हवं. सगळं एका दिवसात ओरबाडून काढत नाहीत. त्या झुडपांत लहान प्राणी-पक्षी आसऱ्याला असतात, म्हणून टप्प्याटप्प्याने काढतात. आणि काढलेली जागा मोकळी ठेवत नाहीत. मोकळी जागा दिसली की तण परत आलंच. लगेच तिथलंच गवत पेरतात. मारवेल, कुसळी, शेडा. कुसळीचं बी तुम्ही बघाच कधी. त्याला लांब शेपटीसारखं कुसळ असतं, ते ओलं झालं की पीळ उलगडतं आणि वाळलं की पुन्हा पीळ घेतं, असं करत बी स्वतःच जमिनीत शिरतं. आमच्या साडीतही दोन शिरली होती, इंदूरपर्यंत आली.

दुपारून वनतुळशीकडे वळलो आणि तिथे आमचा पाय अडला. माणसाच्या कमरेएवढी रोपं, निळसर फुलं, हात लावला की उग्र वास. तिकडे सगळे तिला वनतुलसीच म्हणतात. मुलगी म्हणाली, बी धरायच्या आत उपटायची. आम्ही म्हटलं, आम्ही तुळस उपटणार नाही. आमच्या हातून ते होणार नाही. ती काही बोलली नाही. गेल्या सालचं थोडं बी होतं तिच्या डबीत, ते तिने वाटीतल्या पाण्यात टाकलं. थोड्या वेळात सब्जासारखं फुगलं. म्हणाली, "नाव तुळस, बी सब्जासारखं, वासही थोडा तसाच. पण ही आपली तुळस नाही, हीसुद्धा अमेरिकेतूनच आली. गुरं हिला तोंड लावत नाहीत. एकदा पसरली की कुरणात दुसरं काही राहत नाही."

मग तिनेच विचारलं, "आई, दूर्वा म्हणजे काय?" आम्ही म्हटलं, गणपतीला वाहतो त्या. "आणि शेतकरी तिला काय म्हणतो?" हराळी! आमचे आजोबा धारजवळच्या शेतात हराळी खणून खणून थकायचे. तीच दूर्वा, तीच हराळी. देवाच्या मस्तकावर पवित्र, ज्वारीत शत्रू. म्हणजे नावावर जाऊन चालत नाही. कुठे आहे, आजूबाजूच्याला जगू देते का, हे बघावं लागतं. यालाच विवेक म्हणतात ना? आम्ही विवेकावर आठवड्याचा पारायण-वर्ग केला आहे, प्रमाणपत्रसुद्धा आहे कपाटात. तरी तुळस या एका शब्दाने हात थांबला होता. मनात "गुरुदेव" म्हणून पहिलं रोप उपटलं. पावसाने माती मऊ होती, सहज आलं.

संध्याकाळ व्हायच्या आधी तिचं शेवटचं काम. एक मीटर बाय एक मीटरची चौकट जमिनीवर ठेवायची आणि तिच्यात कोणकोणतं गवत आहे, किती आहे, उघडी माती किती, ते मोजून लिहायचं. मग दुसरीकडे चौकट ठेवायची. लांबून पाहिलं तर वाकून पूजेला बसल्यासारखीच दिसत होती. एके ठिकाणी खुंटी ठोकलेली होती. दरवर्षी त्याच दिवसांत, त्याच खुंटीपाशी उभं राहून, त्याच दिशेला फोटो काढतात. तिने तीन वर्षांचे तीन फोटो मोबाईलवर दाखवले. पहिल्यात झुडपांची भिंत. दुसऱ्यात उजाड माती, तो फोटो बघून तर कुणी म्हणेल यांनी सत्यानाश केला. तिसऱ्यात गुडघाभर गवत. आपण टेकडीवर काढलेले फोटो आम्हाला आठवले. सगळे पहिल्या दिवसाचे. दुसऱ्या वर्षीचा एकही नाही.

आता जे लिहायला जड जातंय ते.

रात्री जेवताना तिच्या सोबतची एक मुलगी होती, बालाघाटची, मराठी छान बोलते. ती हसत म्हणाली, "काकू, मागच्या महिन्यात एका स्थळाकडून हिला फोन आला होता. ते विचारत होते, मॅडमची पोस्टिंग कुठल्या रेंजला आहे?" सगळे हसले. आमची मुलगीही हसली. जेवणं झाली, भांडी झाली. खोलीत आल्यावर तिने यांना विचारलं, "बाबा, तुम्हाला माझी लाज वाटते का?"

आमच्या यांना नेहमी उत्तर सुचतं. त्या दिवशी सुचलं नाही. आम्हा दोघांनाही सुचलं नाही. बाहेर किडे ओरडत होते. शेवटी तीच म्हणाली, "मी टेक्निशियन आहे. तसंच सांगत जा ना. मला ते आवडतं." आणि पांघरूण घेऊन झोपली. आम्ही मात्र जागेच होतो. एरवी झोप आली नाही की माळ घेतो. त्या रात्री माळेलाही हात लागेना.

सकाळी हे आमच्याही आधी उठून गमबूट घालून तयार. दिवसभर काही बोलले नाहीत. त्या आजींच्या शेजारी बसून गाठीखाली मुळं तोडत राहिले. अठरा झुडपं काढली, हाताला फोड आले. मुलगी मधे येऊन हातमोजे देऊन गेली, तेही काही न बोलता.

इंदूरला परत आल्यावर गुरुवारी दर्शनाला गेलो आणि सद्गुरूंना सगळं सांगितलं, खोट्यासकट. आम्हाला वाटलं एखादं अनुष्ठान सांगतील, काही पारायण. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मुलीची क्षमा मागितली का?" आम्ही म्हटलं, अजून नाही. ते म्हणाले, मग इथे कशाला आलात, आधी फोन करा.

आश्रमाच्या पायरीवर बसूनच फोन लावला. यांनी बोलायला सुरुवात केली आणि मधेच फोन आमच्या हातात दिला, पुढचं बोलवेना. मुलगी म्हणाली, "बाबांच्या हाताचे फोड बरे झाले का?"

म्हणून हे पत्र. ज्यांना ज्यांना आम्ही अधिकारी म्हणून सांगितलं, त्या सर्वांनी कृपा करून ही दुरुस्ती करून घ्यावी. ज्या स्थळांना सांगितलं त्यांना आम्ही स्वतः फोन केले आहेत. दोघांनी "बरं, बघतो" म्हणून ठेवला. एका घरी मात्र मुलाच्या आईने अर्धा तास गवतावर गप्पा मारल्या, त्यांच्या बेळगावकडच्या माळाची आठवण काढली. पुढचं सद्गुरूंच्या इच्छेवर.

आणि आपली टेकडी. मुलीने फोटो बघून सांगितलं आहे की सुबाभळीची लहान रोपं आता पावसाची ओल आहे तोवर मुळासकट निघतील, शेंगा धरणारी मोठी झाडं नंतर माहीतगाराला विचारूनच काढू. विहिरीकडच्या उतारावर वनतुळस आहे, ती बी धरायच्या आत काढायची. जे तीस-चाळीस कडुनिंब आणि पळस जगले आहेत त्यांना हात लावायचा नाही. गवतही कापायचं नाही.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला आश्रमाच्या मागच्या फाटकाशी जमू. जुने हातमोजे, पायात बूट, पाण्याची बाटली, आणि ज्यांच्याकडे असेल त्यांनी कुदळ आणावी. कोयते नकोत. यांनी विहिरीजवळ एक खुंटी ठोकून ठेवली आहे. फोटो तिथूनच निघेल, एकच, आणि पुढच्या वर्षी याच रविवारी पुन्हा. मुलगी दिवाळीला पाच दिवस येणार आहे, तेव्हा ती चौकट ठेवून मोजायला शिकवेल. ज्यांना यायचं असेल त्यांनी खाली नाव लिहावं. नाश्त्याला पोहे आमच्याकडून.

जय गुरुदेव.